पाळकीणबाईंची वही

कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात एका मैत्रिणीने विचारलं, "वडील काय करतात गं?" म्हटलं, पाळक आहेत. तिला कळेना. म्हटलं, चर्चमध्ये असतात ते, रेव्हरंड. "अय्या, म्हणजे फादर! पण फादरला मुलगी कशी?" पुण्यातल्या त्या कॅन्टीनमधलं सगळं टेबल हसलं. सुट्टीत घरी गेल्यावर पप्पांना सांगितलं. तेही हसले. म्हणाले, "सांग तिला, फादर लोकांना सुटला तो संसार आम्ही करतो." स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "संसार मी करते. तुम्ही मंडळी करता."

जुनी मराठी माणसं बायकोला 'मंडळी' म्हणत. आमच्यात मंडळी म्हणजे चर्चचे सभासद. पप्पांना अशा दोन मंडळ्या होत्या, आणि त्यांतली थोरली कोण, याविषयी घरात कुणालाही शंका नव्हती.

पप्पा गेल्यावर ट्रंक उघडली. १९६८ साली दीक्षा, २००२ साली निवृत्ती, मधली चौतीस वर्षं नगर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या सात मंडळ्या. एवढ्या काळात त्यांनी भरलेली बाप्तिस्म्यांची, लग्नांची, दफनांची रजिस्टरं त्या त्या चर्चच्या कपाटात राहिली. ती त्यांची नव्हतीच. घरी आल्या त्या आईच्या खर्चाच्या वह्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, लांबोड्या, एकूण एकोणीस. किराणा, दूध, रॉकेल, शाळा असे रकाने आणि शेवटी एक रकाना 'पाहुणे'. कित्येक महिने पाहुण्यांचा आकडा किराण्याच्या वर गेलेला. एका पानावर नुसतं लिहिलंय : 'दफनाला आलेले ११. चहा दोनदा. साखर संपली.'

या वह्या चाळताना पहिल्यांदा जाणवलं की पाळकाच्या घराचा हिशेब चर्चच्या दप्तरात कुठेच नसतो. तो ठेवलाच असेल तर बायकांनी.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पाळकाच्या लायकीची यादी आहे. तो एका स्त्रीचा नवरा असावा, त्याला आपलं घर नीट चालवता यावं. ज्याला घर सांभाळता येत नाही तो देवाची मंडळी काय सांभाळणार, असा रोकडा सवाल तिथे आहे. पप्पांच्या दीक्षाविधीला हा उतारा वाचला गेला होता. रोमच्या चर्चने पुढे धर्मगुरूंना ब्रह्मचर्य घातलं. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने ते मोडलं आणि १३ जून १५२५ला मठ सोडून आलेल्या काथारिना फोन बोरा या जोगिणीशी लग्न केलं. विटेनबर्गच्या जुन्या मठातच त्यांनी संसार थाटला. सहा मुलं, वर पाहुणे, जेवणाला पैसे देऊन राहणारे विद्यार्थी. ल्यूथर जेवताना काय बोलला ते विद्यार्थ्यांनी टिपून ठेवलं, त्याचं पुस्तक झालं. जेवणाची सोय काथारिना बघत होती. शेती, गुरं आणि घरची बिअर हे सगळं तिच्याकडे. प्रोटेस्टंट पाळकघराचा साचा असा या घरात पडला, आणि तो आमच्या घरापर्यंत फारसा बदलला नाही. बिअर तेवढी वगळून.

आपल्याकडे हा साचा मिशनऱ्यांबरोबर आला. मुंबईत १८२९ साली आलेल्या जॉन विल्सन यांचं नाव कॉलेजमुळे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांची पत्नी मार्गारेट मराठी शिकली, तिने मुलींच्या शाळा काढल्या. विल्सनसाहेब दौऱ्यावर गेले की घर आणि शाळा दोन्ही तिच्याच अंगावर. मुलं झाली, काही गेली. १८३५ साली ती स्वतः मुंबईतच वारली. विल्सननी तिचं चरित्र लिहिलं. पण तोवर हिशेब ठेवणारा हातच गेला होता.

मराठी माणूस पाळक झाला तेव्हा घराचा प्रश्न आणखी बिकट झाला, कारण इथे मुळात घरच फुटत होतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट मराठी वाचकाला सांगायला नको. १० फेब्रुवारी १८९५ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन माहेरच्या नातलगांत. पुढची काही वर्षं नवरा एकीकडे, बायको एकीकडे. पुढे ती परत नांदायला आली ती आपलं सोवळं सांभाळून. १९०० साली तिने स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. १९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. म्हणजे तिच्या नावामागे पाळकाची पत्नी हे लागलं तेव्हा लग्नाला दोन तपं होत आली होती.

लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' लोक विनोदासाठी वाचतात, भाषेसाठी वाचतात. मी पाळकाची मुलगी म्हणून वाचलं तेव्हा मला ती आईची विसावी वही वाटली. टिळकांच्या हातात पैसा टिकत नाही. ते दुष्काळातली, प्लेगातली पोरकी पोरं घरी आणतात. आणायचं काम त्यांचं; न्हाऊमाखू घालायचं, जेवू घालायचं, उवा काढायच्या, रात्री उठायचं हे बाईंचं. बालकवी ठोंबरे काही काळ नगरला त्यांच्या घरी राहिले, तेव्हा ज्या मुलाला महाराष्ट्र निसर्गकवी म्हणून डोक्यावर घेणार होता त्याचे रुसवेफुगवे याच बाईने काढले. टिळक कविता लिहितात, प्रवचनं करतात, १९१२पासून 'ज्ञानोदय' नियतकालिकाचा मराठी भाग सांभाळतात. घरात आज किती पानं वाढायची आहेत, हे त्यांना बहुधा जेवायला बसल्यावरच कळत असावं.

आणि मग १९१७. टिळकांनी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्ती पत्करली, साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा करायला निघाले. पगारी पाळकाने लोकांवर भार टाकू नये, ख्रिस्ती भक्तीने इथल्या मातीतलं रूप घ्यावं, हा विचार मोठाच होता. त्याची थोरवी मला मान्य आहे. पण आपल्याकडे संन्यास घेताना बायकोची संमती विचारायची रीत आहे, ती उगाच नाही. पगार सोडणारा एक असतो आणि त्या पगारात भागवणारी दुसरीच. ९ मे १९१९ला टिळक मुंबईत वारले. 'ख्रिस्तायन' या काव्याचे जेमतेम दहाअकरा अध्याय त्यांच्या हातून झाले होते. पुढचे साठाहून अधिक लक्ष्मीबाईंनी लिहिले, जोडाक्षरांशी आयुष्यभर झगडत. नवऱ्याचं अर्धवट काम पुरं करणं हेही पाळकीणबाईंच्या नेहमीच्या कामांतलंच.

सगळ्याच घरांत असं नव्हतं. रेव्हरंड सुमंतराव करमरकरांच्या पत्नी गुरुबाई १८९२ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि परत येऊन मुंबईत अमेरिकन मराठी मिशनसाठी वर्षानुवर्षं बायकामुलांना तपासत राहिल्या. पाळकाच्या बायकोला स्वतःचा हुद्दा असू शकतो, हे आमच्या समाजाने सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिलेलं आहे. पाहिलं आणि विसरलाही.

आई नर्स होती, मिशनच्या दवाखान्यात. तिचा पगार पप्पांच्या पगारापेक्षा जास्त होता, ही गोष्ट घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. वहीत मात्र आहे : डावीकडे 'यांचे', उजवीकडे 'माझे'.

२९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरात सहा चर्चसंस्था एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभी राहिली. पप्पा त्या सोहळ्याला गेले होते. परत आले ते भारावून, दोन दिवस दुसरा विषय नाही. ऐक्य चांगलंच होतं. पण नगरकडच्या जुन्या पद्धतीत स्थानिक मंडळीचा शब्द मोठा असे. नव्या पद्धतीत बिशपसाहेब आले, धर्मप्रांत आला आणि बदलीचा आदेश आला. आदेशात पाळकाचं नाव असे. त्याच्या बायकोची नोकरी, मुलांची इयत्ता यांचा रकाना त्यात नव्हता. पहिल्या बदलीला आईने नोकरी सोडली. दुसऱ्या बदलीच्या गावी दवाखाना होता, तिथे तिने पुन्हा खालच्या पायरीपासून सुरुवात केली. तिसऱ्या वेळी ती हलली नाही. आम्ही दोघं भावंडं तिच्यापाशी आणि पप्पा साठ मैलांवर, अशी अडीच वर्षं काढली. मंडळीतल्या बायकांनी विचारलं, पाळकीणबाई आल्या नाहीत का? पाळक आले, पण जोडीने आले नाहीत, याचा राग त्यांना होता. त्यांचंही चूक नव्हतं. महिला मंडळ चालवायचं, शब्बाथशाळेला गाणी शिकवायची, बाळंतिणीकडे जायचं, ही कामं पाळकीणबाईंची, असं धरूनच चाललेलं. या पदाला नेमणूक नाही, पगार नाही, आणि राजीनामाही देता येत नाही.

१९७२च्या दुष्काळात आम्ही ज्या गावी होतो तिथे मदतीच्या दुधाच्या भुकटीची पोती आमच्याच पडवीत ठेवलेली. पहाटे पाचला दारात भांडी वाजायला लागत. आईला त्या वर्षी माझ्या धाकट्या भावाच्या वेळचे दिवस गेले होते. घरात पोती होती, पण तिने त्यातली चिमूटभर भुकटी आम्हाला कधी दिली नाही. वहीत दूध विकतच घेतलेलं आहे, दर वाढत गेलेला. पप्पांचा तो नियम होता. पाळायचा मात्र आईने.

लग्नं सोपी. १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या आतच लावायचं असतं, त्यामुळे पप्पा संध्याकाळी घरी येणार हे ठरलेलं. मरणाला असा कायदा नाही. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी, भावाच्या मुंजीएवढ्या थाटात होणाऱ्या बाप्तिस्म्याच्या आदल्या रात्री (मुंज हा शब्द आजीचा, तिने तो कधी सोडला नाही), आणि एकदा तर नाताळच्या जेवणाच्या ताटावरून पप्पा उठून गेलेले आठवतात. नाताळच्या गाण्यांची फेरी गावातल्या प्रत्येक ख्रिस्ती घरी जायची, शेवटचं घर आमचं. पोरं रात्री दोनला 'उपासना संगीत' हातात घेऊन दारात उभी राहायची तेव्हा पप्पांचा आवाज बसलेला असायचा आणि आई साठ कपांचा चहा ठेवायची. मी दारातून बघायचे : गाणारे वडील माझे, पण त्या घटकेला ते सगळ्यांचे.

रागावले का मी? वीसबावीस वर्षांची होते तेव्हा फार. पाळकाची पोरं म्हणून आमच्यावर पहारा असे. सिनेमाला गेलो तर कमिटीच्या बैठकीत विषय. भाऊ एकदा उपासनेत झोपला तर पंचांपैकी एकाने पप्पांना तीमथ्याचा तोच उतारा ऐकवला. 'घर सांभाळता येत नाही' हे वाक्य माणसाच्या तोंडावर मारायला किती सोपं आहे, ते त्या दिवशी कळलं. पप्पा काही बोलले नाहीत. घरी येऊन त्यांनी भावाला उठवलं नाही, रागावले नाहीत. त्याच्या पायातले बूट काढले आणि चादर घातली. हे मी विसरलेले नाही, म्हणून त्यांच्यावरचा राग धड पुरा होत नाही.

किल्लारीच्या भूकंपानंतर, ऑक्टोबर ९३मध्ये, पप्पा तीन आठवडे मदतकार्यात तिकडे होते. मी तोवर नोकरीला लागले होते. आईला म्हटलं, तू अडवत का नाहीस? त्यांचं वय आता साठीकडे चाललंय. ती म्हणाली, "अडवून राहिले असते तर मीच त्यांना नीट वागवलं नसतं."

२००२ साली पाळकघराच्या किल्ल्या परत केल्या. चौतीस वर्षांत सात घरं, एकही आपलं नाही. निवृत्त पाळकाच्या कुटुंबाचं खरं संकट सेवेत असताना नव्हे, किल्ल्या दिल्यावर सुरू होतं. आमचं भागलं ते आईच्या नोकरीच्या शेवटच्या आठ वर्षांच्या प्रॉव्हिडंट फंडावर. नगरच्या बाहेर दोन खोल्या त्यातून झाल्या. दारावर पाटी मात्र 'रेव्हरंड' अशी पप्पांच्याच नावाची. आईनेच करून घेतली.

गेल्या वर्षी आईला घेऊन पप्पांच्या शेवटच्या मंडळीत गेले होते. तिथे आता पाळक बाई आहेत. चाळिशीच्या, पायात चप्पल, गळ्यात पांढरी पट्टी. उपासनेनंतर त्यांनी आम्हाला पाळकघरी नेलं. तेच घर, फरशी नवी. त्यांचे यजमान एका कारखान्यात शिफ्टला जातात. त्यांना लोक काय म्हणतात, असं मी विचारलं. पाळकबाई हसल्या, "काहीच नाही. शब्दच नाहीये. महिला मंडळ चालवायला अजून मलाच बोलावतात, ह्यांना नाही."

यजमान चहा घेऊन आले. बाहेरच्या खोलीत कमिटीचे चारजण बसले होते, त्यांचाही त्यांनीच आणला. आई कप हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली.

"पाहुण्यांवर महिन्याला किती जातात हो तुमचे?" तिने विचारलं. "लिहून ठेवता का?"

"नाही हो आई. सगळं फोनवरूनच देतो, फोनमध्ये राहतंच की."

"हो का," आई म्हणाली. "त्यात पाहुणे असा रकाना असतो का?"