अंगणातला दगड आणि बंदराची भिंत

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची पाच माणसे नांदेडहून रत्नागिरीला साडूंकडे गेलो. मराठवाड्याच्या माणसाला समुद्राची हौस मोठी. पण आमचा बराच वेळ गेला तो मिरकरवाडा बंदरावर, एका दगडांच्या राशीपुढे. बाहेरची लाट त्या राशीवर फुटत होती आणि आतल्या बाजूला मासेमारीच्या होड्या तळ्यात असाव्यात तशा शांत उभ्या होत्या. तिथले लोक तिला ब्रेकवॉटर वॉल म्हणतात.

आमच्या धाकटीने विचारले, "अब्बू, मधल्या फटी सिमेंटने का नाही भरल्या?" आम्ही शिक्षक असूनही गप्प. साडू हसून म्हणाले, "फटी आहेत म्हणून तर ती टिकते, बेटा."

घरी परतल्यावर आम्ही याविषयी वाचून काढले. उभी गुळगुळीत भिंत लाटेला मागे फेकते, आणि तिथे उसळणारे पाणी भिंतीच्या पायाची वाळू ओढून नेते. उतरती, ओबडधोबड रास मात्र लाटेला पोटात घेते. पाणी फटीफटींत शिरते आणि त्याचा जोर तिथेच जिरतो. राशीच्या गाभ्यात लहान दगड, त्यावर मध्यम आणि अंगावर सर्वांत वजनदार. लाटेची उंची दुप्पट धरली, तर अंगावरच्या दगडाचे वजन आठपट लागते! एवढे धोंडे खाणीतून काढणे आणि वाहून नेणे अवघड. म्हणून काँक्रीटचे चार पायांचे टेट्रापॉड आले. 1950 मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबलच्या अभियंत्यांनी ते तयार केले आणि पहिल्यांदा वापरले ते मोरोक्कोत, कॅसाब्लांकाच्या किनाऱ्यावर. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या कठड्याखाली दिसतात ते हेच. आपल्याकडे खडकवासल्याला, 1916 मध्ये सुरू झालेल्या जलसंशोधन केंद्रात, बंदरांच्या छोट्या प्रतिकृती हौदात मांडून त्यांवर लाटा सोडून पाहतात.

आता कोणी म्हणेल, आम्हा नांदेड-लातूरकरांना याचे काय? तर पैठणचे जायकवाडी, लातूरला पाणी देणारे धनेगावचे मांजरा, ही मुख्यतः मातीची धरणे. नाथसागर तर सुमारे 55 किलोमीटर लांब. एवढ्या उघड्या पाण्यावर वाऱ्याला मोकळी धाव मिळाली की लाटा उठतात आणि भरावाची माती चाटू लागतात. म्हणून पाण्याच्या अंगाला दगडांचे पिचिंग असते. खाली वाळू-खडीचा थर, वर हाताने बसवलेले दगड, फटींत ठोकलेल्या चिपा. एक दगड निघाला की शेजारचा सैल होतो, खालची खडी वाहते, मग माती. बंदराची रास असो की धरणाचे पिचिंग, एकदा रचून काम संपत नाही. दर पावसाळ्यानंतर पाहावे लागते, हललेले परत बसवावे लागते.

पण आपले कसे होते? धरण भरलेले असताना खालचे पिचिंग पाण्यात, हात लागत नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. दुरुस्तीला तळ उघडा पडतो तो अशाच दिवसांत, आणि त्या दिवसांत घागरीपलीकडे कोणाला काही सुचत नाही. शिवाय पिचिंगमध्ये बाभळी उगवतात, आणि दगड चोरीला जातात.

चोर कोण, हे आम्हाला लांब शोधावे लागले नाही. गावाकडच्या घराच्या अंगणात कपडे धुण्याचा जो सपाट काळा दगड आहे, तो जवळच्या पाझर तलावाचा. घर बांधताना आमच्या मरहूम अब्बांनी तो बैलगाडीत घालून आणला. गावातल्या निम्म्या जोत्यांत तेच दगड आहेत, कोणी लपवतही नाही. आम्ही लहानपणी त्या दगडावर बसून अंघोळ केली, पण तो कुठून निघाला हे कधी विचारले नाही.

धाकटीने विचारले. मग गेल्या महिन्यात तो दगड रिक्षात घालून आम्ही तलावावर गेलो. तिथे एक सोडून कितीतरी खड्डे. एकात दगड ठेवला, भोवती चिपा ठोकल्या, तरी पाय ठेवला की डुगडुगत होता. हे हाताचे कसब आहे, बीएडमध्ये शिकवत नाहीत. गावातल्या वडार मिस्त्रींना विचारले, तर ते म्हणाले, "गुरुजी, आधी खालची खडी भरा, मग मला बोलवा." मृगाच्या आत पुन्हा जायचे ठरले आहे. दोन शेजारीही यायला तयार आहेत, त्यातला एक स्वतःच्या ओट्याचे दोन दगड घेऊन.

अम्मी मात्र रागावल्या आहेत. त्यांना कपडे धुवायला दुसरा दगड हवा आहे.