कपाळावरची मुद्रा

ऑक्टोबर २००२ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर अवतरलेली आणि दोन पर्वांचे मिळून ७२० भाग पुरे करून मार्च २०१७ मध्ये विराम पावलेली, मासाशी किशिमोतो यांच्या चित्रकथेवर आधारलेली ‘नारुतो’ ही अ‍ॅनिमे मालिका लातूरला शिकवणीसाठी राहिलेल्या माझ्या भाच्याच्या आग्रहाखातर मी पाहू लागलो, तेव्हा त्यातील युद्धकौशल्याहूनही माझे चित्त वेधले ते नेजी ह्यूगा या मुलाच्या कपाळावर, पट्टीखाली झाकलेल्या मुद्रेने.

नेजीचा पिता हिझाशी आणि घराण्याचा प्रमुख हियाशी हे जुळे बंधू. परंतु काही क्षण आधी जन्मलेल्याकडे घराण्याची सारी मिरास गेली, आणि मागाहून जन्मलेल्याच्या व त्याच्या संततीच्या कपाळी अशी मुद्रा आली, की थोरल्या शाखेने मनात आणताच धाकटीच्या मस्तकात असह्य वेदना उठाव्यात. पुढे परराज्याशी उद्भवलेल्या पेचात थोरल्याऐवजी देह पडला तोही धाकट्याचाच. जन्माने लाभलेले दास्य इतक्या थोडक्यात आणि इतक्या निर्भीडपणे मुलांसमोर मांडणारी दुसरी मालिका मला ठाऊक नाही. उचिहा कुळाची कथाही त्याच जातीची: गावाची कोतवाली त्यांच्याकडे, पण संशयापोटी त्यांची वस्ती मात्र गावाच्या टोकाला सारलेली.

नांदेडात वाढलेल्या माणसाला यातले काहीच परके वाटत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला, आणि लगोलग या मुलुखातील दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. सोळा वर्षे मोर्चे, तुरुंगवास आणि लाठ्या सोसून, १९९३ मध्ये नांदेडात गौतम वाघमारे यांचे आत्मदहन पाहून, अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. एका नावासाठी हे सारे द्यावे लागले, आणि देणारे बहुतेक सामान्य शेतमजूर, विद्यार्थी आणि कार्यकर्ते होते.

म्हणूनच मालिकेचा उत्तरार्ध मला खटकतो. आपण होकागे, म्हणजे गावाचे प्रमुख झालो, की ह्यूगांची ही रीत बदलू, असे वचन कथानायक नारुतो नेजीला देतो; परंतु ज्याला आपण अनाथ, उपेक्षित आणि केवळ श्रमाने वर येणारा समजलो, तो नारुतो चौथ्या होकागेचाच पुत्र ठरतो, आणि जन्माविरुद्ध मांडलेली फिर्याद जन्माच्याच दफ्तरात दाखल होते. नेजी महायुद्धात हियाशीची मुलगी हिनाता आणि नारुतो यांच्यावरील घाव अंगावर झेलून मरतो. मृत्यूने त्याची मुद्रा मिटते खरी, पण बाकीच्या शाखेचे काय झाले, हे नारुतोला होकागेपद मिळाल्यावरही कुणी सांगत नाही. किशिमोतोंनी अन्याय नेमका पाहिला, परंतु निवारण एका थोर मनाच्या सुपूर्द केले, संघटना, ठराव, मोर्चा यांना त्या गावात जागाच ठेवली नाही.

अखेरचा भाग संपल्यावर भाच्याने विचारले, “मामा, मग ती मुद्रा पुसली कधी?” मी त्याला टेंभुर्णीची हकीकत सांगितली. सातही होकागे त्याला क्रमाने पाठ होते. पोचीराम कांबळे हे नाव तो प्रथमच ऐकत होता. त्याने वही पुढे ओढून ते लिहून घेतले.