प्रथिनाचा पत्ता

मुतखडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढं मोठा माणूस येतो. पण पाच-सात वर्षांच्या मुलाला पुन्हा पुन्हा खडे होऊ लागले तर? अशा एका आनुवंशिक रोगाचं मूळ मोठं नवलाचं आहे. त्या मुलाच्या यकृतात एक प्रथिन तयार होतं, कामाचंही असतं. फक्त ते भलत्याच जागी जाऊन पडतं.

हे कसं घडतं? उघड्या डोळ्यांना न दिसणारी आपली पेशी आतून एखाद्या वाड्यासारखी असते. तिच्यात निरनिराळे कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्याचं काम वेगळं. प्रथिनं मात्र बहुतेक एकाच ठिकाणी, पेशीच्या चौकात म्हणा ना, घडतात. मग कुणी कुठं जायचं हे ठरवतं कोण?

याचं उत्तर न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या ग्युंटर ब्लोबेल या शास्त्रज्ञानं शोधलं. १९७१ साली त्यानं व डेव्हिड सॅबातिनी यानं कल्पना मांडली, की पत्ता प्रथिनाच्या अंगातच लिहिलेला असतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. तिच्यातले काही मणी हाच पत्ता. इन्शुलिनचंच पाहा. त्याच्या मूळ माळेतले पहिले २४ मणी त्याला पेशीबाहेर नेणाऱ्या वाटेला लावतात. काम झालं की ते कापले जातात. या शोधाबद्दल ब्लोबेलला १९९९ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

आता आपल्या मुलाकडे वळू. यकृतातल्या त्या प्रथिनाचा खरा पत्ता माळेच्या शेपटाशी असतो. तो त्याला पेरॉक्सिसोम नावाच्या कप्प्यात नेतो. तिथं ते एक द्रव्य निरुपद्रवी करतं. पण काही रुग्णांच्या माळेत दोन मणी बदललेले असतात. त्यामुळं तोंडाशी खोटा पत्ता उमटतो, आणि प्रथिन जिथं पेशीची शक्ती निर्माण होते त्या तंतुकणिकेत शिरतं. इकडं ते द्रव्य तसंच राहून त्याचं ऑक्झॅलेट बनतं, कॅल्शियमशी मिळून खडे होतात, आणि पुढं मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

या रोगाच्या काही रुग्णांना ब-६ जीवनसत्त्वानं गुण येतो. त्यानं हे प्रथिन योग्य कप्प्यात जाण्याचं प्रमाण वाढतं, असं पेशींवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. २०२० पासून ऑक्झॅलेट कमी करणारं नवं औषधही निघालं आहे. पण आधी निदान व्हायला हवं. म्हणून गुरुजींना आणि आईबापांना एवढंच सांगणं: लहान मुलाला खडा झाला, तर नुसत्या काढ्यावर विसंबू नका. डॉक्टरांना दाखवा, आणि खडा का झाला हे जरूर विचारा.