बदलत्या औद्योगिक पट्ट्यातील पर्यावरणीय आरोग्य कर्मचाऱ्यांची व्यावसायिक सक्षमता : पिंपरी-चिंचवड व चाकण

प्रस्तावना

८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथील एका पत्र्याच्या शेडला आग लागली. वाढदिवसाच्या केकवर लावल्या जाणाऱ्या, फुलबाजीसारख्या ठिणग्या उडविणाऱ्या मेणबत्त्या तेथे तयार होत असत. काम करणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्याच दिवशी सहा कामगारांचा मृत्यू झाला आणि पुढील काही दिवसांत उपचार सुरू असताना मृतांची संख्या वाढत गेली. या उद्योगाकडे आवश्यक ते परवाने नव्हते, हे नंतर उघड झाले.

त्याच वर्षी या शहरात अशा आणखी तीन घटना घडल्या होत्या. ३० ऑगस्टला चिखलीतील एका दुकानाला पहाटे आग लागून तेथेच राहणाऱ्या एका कुटुंबातील चौघांचा अंत झाला. ८ ऑक्टोबरला ताथवडे येथे टँकरमधून बेकायदा गॅस भरताना स्फोट झाले. त्यानंतर दोनच दिवसांनी कासारवाडीच्या सार्वजनिक जलतरण तलावात क्लोरीन वायूची गळती होऊन पोहण्यास आलेल्यांना बाधा झाली. वरवर पाहता या घटनांचा परस्परांशी संबंध नाही. तथापि माणूस जेथे राहतो, काम करतो, पाणी वापरतो, त्या परिसरातील धोका वेळीच ओळखणे हा ज्या व्यवसायाचा विषय आहे, त्या व्यवसायाच्या दृष्टीने चारही घटना एकाच प्रश्नाकडे बोट दाखवितात. धोका कोणाच्या नजरेस पडावयास हवा होता आणि ती नजर कशी घडविली जाते, हा तो प्रश्न होय.

व्यवसायाची व्याप्ती

पर्यावरणीय आरोग्य व्यावसायिक या नावाचे पद आपल्याकडे कोणत्याही कार्यालयाच्या फलकावर आढळत नाही. हे काम अनेकांत वाटलेले आहे. महानगरपालिकेचा आरोग्य निरीक्षक, नगरपरिषदेचा स्वच्छता निरीक्षक, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा क्षेत्र अधिकारी, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा अधिकारी, मोठ्या कारखान्यातील सुरक्षा अधिकारी आणि अन्न सुरक्षा अधिकारी ही या व्यवसायाची निरनिराळी रूपे आहेत. आंतरराष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणाच्या २००८ च्या आवृत्तीत या मंडळींना दोन पातळ्यांवर स्थान दिले आहे. एका पातळीवर पर्यावरणीय व व्यावसायिक आरोग्यातील तज्ज्ञ, तर दुसऱ्या पातळीवर निरीक्षक व सहायक. आपल्याकडे दुसऱ्या पातळीवरचा माणूस रोज रस्त्यावर असतो आणि पहिल्या पातळीवरचा बहुधा अहवालातून परिस्थिती पाहतो.

ब्रिटनमध्ये 'सॅनिटरी इन्स्पेक्टर' हे पदनाम १९५६ मध्ये कायद्याने बदलून 'पब्लिक हेल्थ इन्स्पेक्टर' झाले आणि १९७० च्या दशकात त्याचे 'एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ ऑफिसर' झाले. नावाबरोबर अभ्यासक्रम बदलला आणि सेवेत असतानाही शिकत राहण्याची अपेक्षा व्यवसायाचा भाग बनली. दक्षिण आफ्रिकेत तर या व्यावसायिकांची डॉक्टरांप्रमाणेच परिषदेकडे नोंदणी होते आणि ती टिकविण्यासाठी सातत्याने शिक्षण घ्यावे लागते. नाव बदलल्याने काम सुधारते असे नाही. आपल्याकडे मात्र नाव जुने राहिले आणि कामाचे स्वरूप तेवढे बदलले, हा तपशील दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

परिसराची घडण

१९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यानंतर चिंचवड-भोसरी परिसरात मोठे कारखाने उभे राहिले. मार्च १९७० मध्ये नवनगरपालिका आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २००१ मध्ये सुमारे १० लाख असलेली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १७ लाखांवर गेली.

या आकड्यांपेक्षा हद्दवाढीचा क्रम अधिक बोलका आहे. चिखली व तळवडे ही गावे १९९७ मध्ये महापालिकेत आली, तर ताथवडे २००९ मध्ये. या गावांत शेतजमिनीवर आधी पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या आणि रस्ता, गटार, पाण्याची वाहिनी मागाहून आली. मोठ्या कारखान्याचे काम लघुउद्योजकाकडे, त्याच्याकडून आणखी लहान 'जॉब वर्क' करणाऱ्याकडे असे उतरत जाते. प्लेटिंग, पावडर कोटिंग, रबर मोल्डिंग, भंगार वेगळे करणे ही कामे साखळीच्या अगदी टोकाला होतात, आणि नेमकी हीच कामे आरोग्यास सर्वाधिक घातक असतात. कुदळवाडीतील भंगार गोदामांना वारंवार लागलेल्या आगी आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथे महापालिकेने केलेली व्यापक पाडकामाची कारवाई ही याच घडणीची परिणती होय. पाडलेली शेड नाहीशी होते, तिच्यातील काम मात्र बहुधा पुढच्या गावी जाते.

चाकणची कहाणी याहून अलीकडची आहे. कांद्याच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या परिसरात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वाहन उद्योग आला आणि २००९-१० च्या सुमारास विदेशी व देशी वाहन कंपन्यांचे मोठे प्रकल्प सुरू झाले. २०११ च्या जनगणनेच्या वेळी सुमारे ४१ हजार लोकवस्तीचे चाकण ग्रामपंचायतच होते. नगरपरिषद त्यानंतर झाली. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी यांसारख्या गावांत मात्र आंतरराष्ट्रीय दर्जाच्या कारखान्याच्या भिंतीबाहेर कामगारांच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि त्यांच्या सांडपाण्याचा व कचऱ्याचा भार ग्रामपंचायतीच्या यंत्रणेवर पडला. भिंतीच्या आत पदविकाधारक सुरक्षा अधिकारी आणि भिंतीबाहेर टीसीएल पावडरची पिशवी घेतलेला जलसुरक्षक असे हे चित्र आहे.

बदलणारे नियम

सेवेत दाखल होताना शिकलेला कायदा निवृत्तीपर्यंत टिकेल, अशी स्थिती या व्यवसायात उरलेली नाही. घनकचऱ्याचे २००० चे नियम २०१६ मध्ये बदलले आणि २०२६ मध्ये पुन्हा नव्याने आले. जैववैद्यकीय कचरा (१९९८, २०१६), ई-कचरा (२०११, २०१६, २०२२) आणि घातक कचरा (१९८९, २००८, २०१६) यांची गतही हीच. महाराष्ट्रातील २०१८ च्या प्लास्टिकबंदीने निरीक्षकाच्या हाती दंडाचे पावतीपुस्तक दिले, पण पिशवीची जाडी मोजण्याचे कौशल्य त्याने ज्याचे त्याने मिळविले.

सर्वांत मोठा बदल २१ नोव्हेंबर २०२५ रोजी झाला. त्या दिवशी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० अमलात आली आणि १९४८ च्या कारखाना अधिनियमाची जागा तिने घेतली. जुन्या केंद्रीय अधिनियमाच्या मूळ व्याख्येत विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० आणि विजेशिवाय चालणाऱ्या ठिकाणी २० कामगार असले की तो 'कारखाना' ठरे. संहितेने ही मर्यादा अनुक्रमे २० व ४० केली. सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा मात्र १,००० वरून ५०० कामगारांवर, आणि घातक प्रक्रिया असल्यास २५० वर आणली. निरीक्षक आता 'निरीक्षक-तथा-सुविधाकर्ता' झाला. धोकादायक कामाच्या ठिकाणी एकच कामगार असला तरी संहिता लागू करण्याचा अधिकार शासनास आहे. परंतु एखाद्या शेडमधील काम धोकादायक आहे हे प्रथम कोणाला तरी दिसावे लागते. मोठ्या कारखान्यातील तज्ज्ञता वाढेल आणि लहान शेड कायद्याच्या नेहमीच्या कक्षेबाहेर राहील, असा या दोन तरतुदींचा एकत्रित अर्थ निघतो. अशा वेळी रोज गल्लीतून फिरणाऱ्या आरोग्य निरीक्षकाची नजर पूर्वीपेक्षा अधिक मोलाची ठरते.

सक्षमता म्हणजे काय : क्लोरीनचे उदाहरण

सक्षमता म्हणजे नियमांची पाठांतरे नव्हेत, हे स्पष्ट करण्यास क्लोरीनचे उदाहरण पुरेसे आहे. जलसुरक्षक विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकतो. ताज्या पावडरीत वजनाच्या सुमारे एक तृतीयांश उपलब्ध क्लोरीन असतो. दमट खोलीत तोंड उघडे राहिलेल्या पिशवीत तो झपाट्याने घटतो. तक्त्याप्रमाणे मात्रा टाकूनही पाणी अशुद्ध राहू शकते ते यामुळे. म्हणून अर्ध्या तासानंतर ओटी चाचणी करून नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम अवशिष्ट क्लोरीन आहे का हे पाहावयाचे असते. येथे 'शेवटच्या टोकाला' हे शब्द महत्त्वाचे आहेत. टाकीजवळच नमुना घेऊन वही भरणारा कर्मचारी नियम पाळतो, पण ज्या चाळीत गटाराशेजारून गेलेली वाहिनी फुटली आहे तेथील माणसाला त्याचा उपयोग होत नाही. शिवाय ओटी चाचणीतील ऑर्थोटॉलिडीन हे रसायन स्वतःच आरोग्यास घातक मानले जात असल्याने तिच्या जागी गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी रूढ झाली आहे. वीस वर्षांपूर्वी पिवळा रंग ओळखण्यास शिकलेल्याला हे कोणी तरी सांगावे लागते.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुईलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण निघाले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला आणि सर्वांचे लक्ष पाण्याकडे वळले. मज्जातंतूंच्या एका दुर्मीळ विकाराचा धागा अशा रीतीने अवशिष्ट क्लोरीनच्या साध्या चाचणीपर्यंत येऊन पोहोचला.

हाच क्लोरीन सिलिंडरमध्ये असतो तेव्हा वेगळेच ज्ञान लागते. तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्याने जमिनीलगत व खोलगट जागी साचतो. म्हणून लोकांना वाऱ्याच्या विरुद्ध बाजूस आणि उंचावर न्यावयाचे असते. गळणाऱ्या सिलिंडरवर पाणी मारणे ही स्वाभाविक प्रतिक्रिया घातक ठरते, कारण ओलाव्याने आम्ल तयार होऊन छिद्र मोठे होते. पदविकेच्या अभ्यासक्रमात क्लोरीन निर्जंतुकीकरणाच्या प्रकरणात येतो आणि औद्योगिक सुरक्षेच्या अभ्यासक्रमात विषारी वायूंच्या प्रकरणात. कासारवाडीच्या तलावावर मात्र ही दोन्ही प्रकरणे एकाच खोलीत होती.

असेच नाल्यांबाबत म्हणता येईल. नाल्याच्या पाण्याला आलेली पिवळी छटा षट्संयुजी क्रोमियमची, म्हणजे जवळपास कोठे तरी प्लेटिंग चालू असल्याची खूण असू शकते. सायनाइडयुक्त व आम्लयुक्त सांडपाणी एकत्र आले तर प्राणघातक वायू तयार होतो. मैलागटारातील हायड्रोजन सल्फाइडची तीव्रता वाढली की वास येणेच बंद होते. वास थांबला म्हणून आत उतरणारा माणूस परत येत नाही. हाताने मैला साफ करण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे आणि योग्य साधनांशिवाय गटारात उतरविण्यासही. तरीही झाकण उघडल्यानंतर निर्णय घेणारा मुकादम वा निरीक्षक या रसायनशास्त्राशी परिचित असावा लागतो.

प्रशिक्षणाची स्थिती

१९२६ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचा स्वच्छता निरीक्षक पदविका अभ्यासक्रम आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील तत्सम अभ्यासक्रम हे या सेवेचे प्रमुख प्रवेशद्वार आहे. कारखान्यातील सुरक्षा अधिकाऱ्यासाठी औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका असते. मुंबईची केंद्रीय श्रम संस्था ती चालविते. दोन्ही प्रवाह आपापल्या जागी उपयुक्त आहेत, पण ते परस्परांना भेटत नाहीत. सेवेत आल्यानंतरचे प्रशिक्षण बहुतांशी परिपत्रकांच्या वाचनावर आणि एखाद्या दिवसाच्या कार्यशाळेवर निभावते. सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय आयोगाच्या अधिनियमाच्या अनुसूचीत पर्यावरण संरक्षण अधिकारी व व्यावसायिक आरोग्य-सुरक्षा अधिकारी (निरीक्षक) यांचा समावेश आहे. नोंदणी व दर्जा यांची चौकट त्यामुळे प्रथमच उपलब्ध झाली. आरोग्य कोठीवर पहाटे हजेरी घेणारा निरीक्षक तिच्या कक्षेत येईल का, यावर तिचे स्थानिक मोल ठरेल.

प्रशिक्षणात सर्वाधिक उणीव आहे ती नोंदवहीबाहेरचे ओळखण्याची. तळवड्याच्या शेडसारख्या ठिकाणी आरोग्य निरीक्षक कचरा पाहतो, अग्निशमन अधिकारी ना-हरकत दाखला पाहतो, प्रदूषण मंडळ संमतीपत्र पाहते आणि कारखान्यांचे अधिकारी नोंदणीकृत कारखाना पाहतात. ज्याची कोठेच नोंद नाही ते कोणाच्याच वहीत येत नाही. तरीही अशा शेडमधून बाहेर पडणारा कचरा रोज घंटागाडीत जातो. त्यात दारूकामाची पूड, रसायनांच्या रिकाम्या गोण्या, अर्धवट जळालेले तुकडे असू शकतात. तो कचरा वाचता येणे आणि 'हे माझ्या खात्याचे नाही' असे न म्हणता संबंधित खात्याला त्याच दिवशी लेखी कळविणे, हे या पट्ट्यातील निरीक्षकाच्या सक्षमतेचे पहिले लक्षण मानावयास हवे.

महाविद्यालयांचे स्थान

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी पर्यावरण अभ्यास हा विषय २००३-०४ च्या सुमारास अनिवार्य झाला. या परिसरातील महाविद्यालयांत तो शिकविला जातो. त्याचा प्रकल्प अहवाल बहुधा ओझोन थर किंवा व्याघ्र संवर्धनावर लिहिला जातो आणि इंद्रायणी-पवना हाकेच्या अंतरावर असूनही तिच्या नाल्यांचा नकाशा कोणी काढत नाही. रसायनशास्त्र विभागातील साधी प्रयोगशाळा अवशिष्ट क्लोरीन, सामू, क्रोमियम यांच्या चाचण्या शिकविण्यास पुरेशी असते. निरीक्षक व मुकादमांसाठी अशा प्रयोगशाळेत दुपारचे दोन तास, महिन्यातून एकदा, इतकी माफक व्यवस्थाही पुष्कळ साधू शकेल. मात्र वेळ दुपारचीच हवी. या कर्मचाऱ्यांचा दिवस पहाटे हजेरीने सुरू होतो, आणि सकाळी अकराला ठेवलेल्या कार्यशाळेस ज्यांनी यावयास हवे ते त्या वेळी रस्त्यावर असतात. त्याबरोबरच महापालिकेच्या आठही क्षेत्रीय कार्यालयांतील आणि चाकण परिसरातील ग्रामपंचायतींतील कर्मचारी एकाच वर्गात बसणे इष्ट, कारण तळवडे आणि निघोजे यांच्यामध्ये इंद्रायणीचे एक पात्र आहे आणि दोन्ही काठांचे सांडपाणी शेवटी त्यातच मिसळते.