समजून घ्या : पीएच ९ आणि पीएच १३ यांत फरक चारचा नाही, १० हजार पटींचा!

दौंड तालुक्यात कुरकुंभची रासायनिक औद्योगिक वसाहत, शिरूर तालुक्यात रांजणगावची वसाहत आणि दोन्हीकडे साखर कारखाने. या पट्ट्यात सांडपाण्याचा विषय निघाला की ‘पीएच’ हा शब्द येतोच. हा आकडा नेमका काढतात कसा आणि वाचायचा कसा?

तीव्र आम्लारी कुठे वापरतात?

साखर कारखान्यात उसाचा रस आटवणाऱ्या भांड्यांच्या नळ्यांत क्षारांचा कठीण थर साचतो. तो काढण्यासाठी कॉस्टिक सोडा, म्हणजेच सोडियम हायड्रॉक्साइड वापरतात. रस स्वच्छ करताना त्यात चुना मिसळतात. हे दोन्ही तीव्र आम्लारी आहेत. पाण्यात जेवढे विरघळतात, त्याचे जवळपास पूर्ण आयन होतात. त्यामुळे गणित सोपे होते.

पीएच कसा काढायचा?

समजा, १ लिटर द्रावणात ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा आहे.

• कॉस्टिकचा १ मोल म्हणजे ४० ग्रॅम. म्हणून ४ ग्रॅम म्हणजे ०.१ मोल.
• प्रत्येक रेणूतून एक हायड्रॉक्साइड आयन सुटतो. त्यामुळे हायड्रॉक्साइडची संहतीही ०.१.
• ०.१ चा लॉग उणे १. चिन्ह बदलले की पीओएच १.
• २५ अंश सेल्सिअसला पीएच आणि पीओएच यांची बेरीज १४ असते. म्हणून पीएच = १४ – १ = १३.

चुन्याला दोनने गुणायचे

चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या, एका रेणूतून दोन हायड्रॉक्साइड आयन सुटतात. लिटरमध्ये ०.७४ ग्रॅम चुना विरघळला तर तो ०.०१ मोल होतो, पण हायड्रॉक्साइड ०.०२ होतात. पीओएच येतो १.७ आणि पीएच १२.३. दोनने गुणायचे राहिले तर उत्तर १२ येते. फरक अवघा ०.३ दिसतो, पण आम्लारी निम्मीच मोजली जाते.

एक अंक म्हणजे दहा पट

डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये ही मोजपट्टी मांडली. ती लॉगवर बेतलेली असल्याने दर अंकाला प्रमाण दहा पटींनी बदलते. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी देशातील सर्वसाधारण मर्यादा ५.५ ते ९ पीएच आहे. पीएच १३ च्या पाण्यात या वरच्या मर्यादेच्या १० हजार पट हायड्रॉक्साइड असतात. म्हणजे असे १ लिटर पाणी निव्वळ पाणी ओतून ९ वर आणायचे, तर १० हजार लिटरचा अख्खा टँकर लागेल.

मग उपाय काय?

पाणी ओतणे नव्हे, तर मोजून आम्ल घालून उदासिनीकरण करणे. पण इथेही लॉगची गंमत आहे. पीएच १३ वरून १२ वर यायलाच सुमारे ९० टक्के आम्लारी संपवावी लागते. म्हणजे बहुतेक आम्ल पडेपर्यंत मीटर जेमतेम एक अंक हलतो आणि शेवटी आकडा धाडकन कोसळतो. त्या वेळी हात सैल सुटला, तर पाणी थेट आम्लधर्मी होते. म्हणून शेवटच्या टप्प्यात आम्ल थोडे-थोडे घालत मीटरवर लक्ष ठेवावे लागते.

परीक्षेतील सापळा

कॉस्टिकची संहती १० चा उणे ८ वा घात असेल, तर सूत्राने पीएच ६ येतो. आम्लारी विरल केली म्हणून आम्ल होत नाही! इथे पाण्याचे स्वतःचे हायड्रॉक्साइड आयनही धरावे लागतात. खरे उत्तर ७ च्या किंचित वर, सुमारे ७.०२ येते.

गणित कुठे कमी पडते?

नदीच्या पाण्यात बायकार्बोनेट असतात. ते आम्लारीचा काही भाग शोषतात, त्यामुळे प्रत्यक्ष पीएच गणितापेक्षा वेगळा येतो. म्हणूनच तपासणीत मीटरचा आकडा धरतात.

शिरूरजवळून वाहणारी घोड पुढे भीमेला मिळते आणि दौंडवरून जाणारी भीमा उजनी धरणात पोहोचते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ६.५ ते ८.५ पीएच आहे. त्यामुळे तपासणी अहवालात ९ ऐवजी १० दिसले, तर ‘एकानेच जास्त’ असे म्हणू नये. त्या पाण्यात हायड्रॉक्साइड दहा पट आहेत.