एकशे वीस खुर्च्या

मांडववाला खुर्च्यांची चळत उतरवताना बाईंना पुन्हा सांगत होता, "रांगेत लावल्या तर दोनशे बसतात, गोलात एकशे वीस. ऐंशी माणसं कमी होतील, बघा." बाई निवृत्त ग्रंथपाल. त्या म्हणाल्या, "एकशे वीसच लावा. पण सगळे बोलले पाहिजेत."

ठाणे जिल्ह्यातल्या वाचनालयांच्या कार्यकर्त्यांचा कल्याणला एक दिवसाचा मेळावा होता. मला तिथं ओढून नेलं डोंबिवलीतल्या एका जुन्या दृश्यानं. फेब्रुवारी २०१७ मध्ये आगरी यूथ फोरमच्या यजमानपदाखाली ९०वं साहित्य संमेलन भरलं होतं. मुख्य मंडपात परिसंवाद चालू असताना लोक थोडं ऐकत, उठत, ग्रंथप्रदर्शनाकडे वळत. कविकट्ट्यावर मात्र खिशात घडी घातलेला कागद घेऊन पाळीची वाट पाहणारी माणसं शेजारच्याची कविताही मन लावून ऐकत होती. संमेलन मला खरं तिथं भेटलं.

कल्याणला नावनोंदणी, चहा आणि दीपप्रज्वलन झटपट उरकलं. शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय बाईंनी आधीच कापला होता. प्रत्येकानं आपल्या वाचनालयातली एक अडचण चिठ्ठीवर लिहून भिंतीवर लावायची, सारख्या चिठ्ठ्या एकत्र करायच्या आणि प्रत्येक जुडग्याचा एक गोल. कार्यक्रमपत्रिका अशी तिथल्या तिथं तयार झाली. ही कल्पना मूळची अमेरिकेतली. तिथं हॅरिसन ओवेन यांनी एका परिषदेसाठी वर्षभर राबून पाहिलं, तर लोकांना सर्वांत आवडली ती मधली कॉफीची सुट्टी. त्यातूनच १९८५ मध्ये त्यांनी 'ओपन स्पेस' ही पद्धत सुरू केली. जिथं आपण काही शिकत नाही, काही देत नाही, तिथून उठून दुसऱ्या गोलात जायचं, हा तिचा नियम. बाईंनी तो फळ्यावर लिहून ठेवला होता.

माझं लक्ष मात्र दाराजवळच्या एका माणसाकडे पुन्हा पुन्हा जात होतं. मुरबाड तालुक्यातलं, सरकारी वर्गवारीत सर्वांत खालच्या 'ड' वर्गाचं वाचनालय, झाडलोटीपासून नोंदवहीपर्यंत सगळं ते एकटेच पाहतात. पिशवीतून डांबरगोळ्यांचा वास येत होता, आत ओल लागून फुगलेली एक कादंबरी. त्यांची चिठ्ठी होती: "पावसाळ्यात पुस्तकं बुरशीपासून कशी वाचवायची?"

त्यांच्या गोलात सर्वांत जास्त माणसं जमली. डांबरगोळ्यांनी किडे दूर राहतील, ओल जाणार नाही, असं एकानं स्पष्ट सांगितलं. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, पुस्तकं दाटीनं कोंबू नका, उघडीप मिळाली की दारं उघडून पंखा लावा, बुरशी झटकायची तर बाहेर नेऊन, नाका-तोंडाला रुमाल बांधून. ते लिहून घेत होते. मग कुणीतरी विचारलं, "तुमच्याकडे वाचक येतात का?" ते म्हणाले, "मीच जातो. आठवडी बाजाराला पिशवीत पुस्तकं घालून बसतो." शहरातल्या मोठ्या वाचनालयाच्या कार्यवाहांनी, ज्यांचे सभासद वर्षागणिक घटताहेत, वही उघडली आणि आता ते लिहून घेऊ लागले. समोर व्यासपीठ असतं तर हा माणूस दिवसभर दाराशीच बसला असता, याबद्दल मला शंका नाही.

सगळेच गोल असे रंगले नाहीत. अनुदानाच्या गोलात एक गृहस्थ थांबेचनात. बाईंनी मध्ये खडू आणून ठेवला: खडू ज्याच्या हातात त्यानंच बोलायचं, मग पुढच्याला द्यायचा. तीन बायका तिथं प्रथमच बोलल्या. हे कसब भाषणं ठरवण्याहून अवघड आहे आणि त्याचं श्रेय वृत्तांतात कुठंच छापून येत नाही, याचा मला राग येतो.

एकशे वीसपैकी कितीजण बोलले, हे बाई चिठ्ठ्यांवर खुणा करून मोजत होत्या. अकरा खुणा राहिल्या होत्या. चार वाजत आले, मुरबाडकडच्या लोकांना एसटी गाठायची होती. बाईंनी आभारप्रदर्शन रद्द केलं आणि उरलेला वेळ त्या अकराजणांना दिला.