ग्वाल्हेरचा गड पायी चढताना

आपल्यापैकी ज्यांनी रायगड किंवा हरिश्चंद्रगड पायांखाली घातला आहे, त्यांना ग्वाल्हेरचा डोंगर प्रथमदर्शनी ठेंगणाच भासेल. भोवतालच्या सपाटीपासून त्याची उंची ३०० फुटांच्या आसपास. मात्र लांबी जवळजवळ तीन किलोमीटर, आणि कडे कापून काढल्यासारखे उभे. आपला सह्याद्री अग्निजन्य काळ्या पाषाणाचा. हा डोंगर विंध्य जातीच्या वालुकाश्माचा, म्हणजे वाळूचे थर युगानुयुगे दाबले जाऊन झालेला. रंग पिवळसर तांबूस, आणि छिन्नीला लवकर वश होणारा. या एका गुणामुळे येथील माणसांनी डोंगरावर केवळ गड बांधला नाही. त्यांनी डोंगरही कोरून काढला.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावची चार कुटुंबे मिळून आम्ही तेथे गेलो होतो. उतरलो ते सिटी सेंटर या शहराच्या नव्या वस्तीत. कचेऱ्या, दुकाने, उपाहारगृहे यांनी गजबजलेला हा भाग. तेथे जुन्या ग्वाल्हेरचा मागमूसही लागत नाही. गडावर जायला वाटा दोन. पश्चिमेच्या उरवाही दरवाजाने मोटार थेट माथ्यापर्यंत पोचते. ईशान्येच्या ग्वाल्हेर दरवाजाने, ज्याला गावकरी किला गेट म्हणतात, पायीच चढावे लागते. जो तो आम्हाला मोटारीचा सल्ला देत होता. आमच्या मार्गदर्शकाने मात्र पायी चढायचे आणि उरवाहीने उतरायचे असा हट्ट धरला. आमच्यात सत्तरीच्या एक आजी होत्या. त्यांचे काय, असा प्रश्न निघाला. आजींनीच तो निकालात काढला. त्या म्हणाल्या, "मी काय डोंगर पाहिला नाही काय?"

हा मार्गदर्शक मराठी भाषिक होता. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये आपली राजधानी उज्जैनहून येथे हलविली; गडाच्या दक्षिणेस त्यांची छावणी पडली, आणि त्या छावणीचेच पुढे शहर होऊन त्याला लष्कर हे नाव चिकटले. त्या काळात पुष्कळ मराठी घराणी येथे स्थायिक झाली. दोनशे वर्षांत त्यांच्या बोलीत हिंदी अशी मिसळली आहे की ऐकताना मौज वाटते. "आजी, हळू चला, किल्ला कुठे भागून नाही जात," असे तो दर वळणावर म्हणे.

चढणीच्या पायथ्याशी गुजरी महाल लागतो. तोमर राजा मानसिंह याने (राज्यकाल १४८६ ते १५१६) आपल्या मृगनयनी नामक गुजर राणीसाठी तो बांधला. तिने लग्नापूर्वी आपल्या गावच्या राई नदीचे पाणी महालापर्यंत आणण्याची अट घातली होती, अशी लोककथा आहे. आता तेथे पुरातत्त्व संग्रहालय आहे. आम्ही ते घाईने पाहिले. खरे म्हणजे त्याला स्वतंत्र दिवस हवा.

तेथून फरसबंदीची चढण सुरू होते. दरवाजामागून दरवाजा येतो. पायांत गोळे येतात, धाप लागते, आणि हत्ती ही वाट कसे चढत असतील याचे नवल वाटते. या चढणीवर, लक्ष्मण दरवाजाच्या अलीकडे, एकाच खडकातून कोरलेले चतुर्भुज विष्णूचे एक लहानसे देऊळ आहे. मोटारीने जाणाऱ्यांच्या वाटेवर ते येतच नाही, आणि पायी जाणारेही पुष्कळदा त्याच्यावरून पुढे निघून जातात. इतके ते साधे आहे. पण प्रतिहार राजा भोजदेव याच्या काळी कोरलेल्या येथील शिलालेखात, इसवी सन ८७६ मध्ये, १८७ हात गुणिले २७० हात अशी फुलबागेची जमीन देवाला दिल्याची नोंद आहे. त्या बागेतून माळ्यांनी दररोज ५० माळा द्यावयाच्या. दोनशे सत्तर आणि पन्नास या दोन्ही आकड्यांत आज आपण लिहितो तसेच वाटोळे शून्य कोरलेले आहे. आपल्या देशात दगडावर निश्चित सालासह आढळणाऱ्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी हे होय. कोणा पंडिताने सिद्धान्त मांडण्यासाठी ते कोरले नाही. फुलांचा हिशेब चोख राहावा म्हणून कोरले. शेतीवाडीचा हिशेब ठेवणाऱ्या आमच्या मंडळींना ही गोष्ट फारच भावली. आमच्यातले एक काका, ज्यांची स्वतःची फुलांची बाग आहे, ते त्या दगडापुढून हलेनात.

माथ्याशी हत्ती दरवाजा आणि त्याला लागूनच मानसिंहाचा मानमंदिर महाल. कड्याच्या अगदी काठावर उभ्या असलेल्या या तटावर निळ्या, पिवळ्या, हिरव्या कौलांचे काम आहे. त्यात बदकांची रांग आहे, हत्ती आहेत, केळीची झाडे आहेत. पाचशे वर्षांच्या उन्हापावसानेही तो निळा रंग विटलेला नाही. आत मात्र तळघरे आहेत, आणि मोगल काळी त्यांत राजबंदी कोंडले जात. शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांना जहांगीर बादशहाने याच गडावर कैदेत ठेवले होते. सुटकेच्या वेळी आपल्यासमवेत ५२ राजांनाही त्यांनी सोडवून नेले, असे शीख बांधव श्रद्धेने सांगतात. गडावर त्यांचा मोठा गुरुद्वारा आहे.

पुढे १०९३ मध्ये पुरे झालेले सासबहू देऊळ आणि त्याहूनही जुने, उंच शिखराचे तेली मंदिर आहे. यांविषयी पुस्तकांत पुष्कळ लिहिलेले आहे. येथे विस्तार करीत नाही. तटावरून खाली पाहताना मार्गदर्शकाने सांगितलेली हकिगत मात्र सांगितलीच पाहिजे. १७८० मध्ये गड महादजी शिंद्यांच्या माणसांच्या हाती होता, आणि तो अजिंक्य समजला जाई. त्या वर्षीच्या ३ ऑगस्टच्या रात्री मेजर पॉपहॅमच्या इंग्रजी पलटणीचे शिपाई कड्याला शिड्या लावून वर चढले. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून त्यांच्या पायांत कापूस भरलेले कापडी जोडे होते. आणि ही चोरवाट त्यांना कोणी दाखविली? रात्री गडावर चोरी करायला चढणाऱ्या दरोडेखोरांनी! महादजींनी काही वर्षांतच गड परत घेतला. "वाटाड्या बघून निवडावा," एवढेच बोलून आमचा मार्गदर्शक हसला.

उरवाहीच्या उतरणीला लागलो तेव्हा सगळ्यांची बोलणी आपोआप थांबली. दोन्ही बाजूंच्या कड्यांत जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरलेल्या आहेत. त्या पंधराव्या शतकातल्या. डुंगरसिंह व कीर्तिसिंह या तोमर राजांच्या आश्रयाखाली झालेल्या. सर्वांत मोठी आदिनाथांची मूर्ती सुमारे ५७ फूट, म्हणजे पाच मजली घराएवढी. पुष्कळ मूर्तींचे चेहरे छिन्नविच्छिन्न आहेत. बाबर बादशहा १५२८ मध्ये येथे आला होता, आणि या मूर्ती फोडण्याचा हुकूम आपणच दिला असे त्याने आत्मचरित्रात स्वतः नमूद केले आहे. काही मूर्तींना जैन बांधवांनी पुढे चुन्याचे नवे चेहरे बसविले. परक्याचे पूजनीय ते फोडावे असे माणसाला का वाटावे, हे त्या भग्न मुखांकडे पाहताना उमगत नाही. आजी बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, आपल्या देवळात करतात तसा.

येथे आम्ही मार्गदर्शकाला, त्याने आजवर न ऐकलेली, एक हकिगत सांगितली. नोव्हेंबर १५७९ मध्ये अकबर बादशहाच्या निमंत्रणावरून फादर रुदोल्फ अक्वाविवा, फादर आंतोनी मोन्सेरात आणि फादर फ्रान्सिस हेन्रिक्स हे येशूसंघाचे तीन धर्मगुरू गोव्याहून निघाले. दमण, सुरत, मग सातपुडा आणि विंध्य ओलांडून मांडू, उज्जैन, ग्वाल्हेर असा प्रवास करीत, १५८०च्या आरंभी ते फत्तेपूर सिक्रीला पोचले. बादशहाचा वकील वाट दाखवीत होता, आणि फादर मोन्सेरात वाटेतल्या गावांचे अक्षांश टिपून ठेवीत होते. हेच फादर अक्वाविवा पुढे जुलै १५८३ मध्ये साष्टीतील कुंकळ्ळी येथे हुतात्मा झाले. ग्वाल्हेरच्या खडकात या मंडळींना ओळीने कोरलेल्या तेरा झिजलेल्या मूर्ती दिसल्या, आणि मधली प्रभू ख्रिस्ताची व बाजूच्या बारा प्रेषितांच्या असाव्यात, असा तर्क झाला! मूर्ती अर्थातच जैनांच्या. महिनोन्‌महिने परमुलखात डोंगर तुडविणाऱ्या माणसाला दगडात आपली माणसे दिसावीत, यात आम्हाला तरी हसण्यासारखे काही वाटले नाही.

मार्गदर्शकाने सारे शांतपणे ऐकून घेतले. मग त्याने विचारले, "पण हे बारा जण कोण? नावे सांगा, म्हणजे पुढच्या लोकांना मी बरोबर सांगेन." आमची मुले पुढे सरसावली. पेत्र, अंद्रिया, याकोब, योहान अशी बोटांवर मोजणी सुरू झाली. नवव्या नावाशी ती अडली, आणि उरलेली तीन आजींनी चालता चालता सांगितली.